भिंतीपलीकडचे हसू

संपादकांचे पत्र हाती पडले तेव्हा भाद्रपद सरत आला होता. यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ हा असून त्यातील विनोदाचे प्रकरण माझ्याकडे सोपविले आहे, असे त्यात कळविले होते. आणि सई परांजपे यांच्याविषयी लिहावे, मात्र पुण्यामुंबईत बसून न लिहिता साताऱ्यास व सांगलीस जाऊन लिहावे, अशी अट घातली होती. प्रथमदर्शनी ही अट मला विक्षिप्त वाटली. सईबाईंचा जन्म लखनौचा, १९ मार्च १९३८ चा. बालपण पुण्याचे आणि मधली काही वर्षे ऑस्ट्रेलियातली. नाट्यशिक्षण दिल्लीचे, नोकरी दिल्लीची, चित्रपटांचा बहुतेक कारभार मुंबईचा. या नकाशात कृष्णाकाठ कोठे येतो? परंतु पत्र दुसऱ्यांदा वाचताना त्यातील मर्म ध्यानी आले. नाटकातला विनोद ज्या छपराखाली घडतो त्याच छपराखाली हशा पिकतो आणि नटाला तो तेथल्या तेथे ऐकू येतो. दूरचित्रवाणीचा विनोद मात्र दिल्लीच्या एखाद्या बंद कलागृहात घडतो आणि हशा साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतील एखाद्या माजघरात पिकतो, ज्याची वार्ता तो विनोद लिहिणारीपर्यंत सहसा पोचतच नाही. तो न पोचलेला हशा शोधायचा, तर साताऱ्याची गाडी पकडणे भाग होते.

शटरचा टीव्ही

यादोगोपाळ पेठेतील ज्या घरी मी गेले, तेथील बाई शाळेतून सेवानिवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला. यजमानांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन तो आणला होता. लाकडी पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारे शटर, शटराला कुलूप, आणि किल्ली यजमानांच्या जानव्याला. पेटीवर क्रोशाचे आच्छादन व त्यावर पितळी मोर. त्या पेटीची जागा आजही भिंतीवर फिकट चौकोनाच्या रूपाने दिसते, आणि बाई तिच्याकडे बोट दाखवूनच बोलत होत्या.

पुण्यासाठी सिंहगडावर १९७३ साली प्रक्षेपक उभा राहिला, तेव्हा साताऱ्याच्या हौशी मंडळींनी घराच्या कौलावर नळाचे लांबच लांब खांब चढवून त्यांच्या टोकाच्या ॲन्टेना उत्तरेकडे वळविल्या. मधले डोंगर ओलांडून चित्र यायचे ते कृपा झाल्यासारखे. “आमचा थोरला कौलावर, मधला गॅलरीत आणि मी टीव्हीपुढं,” बाई सांगत होत्या. “वरून विचारायचा, ‘आलं का?’ मधला मला विचारायचा, मी म्हणायची, ‘मुंग्या आहेत रे अजून.’ मग तो वर ओरडायचा, ‘मुंग्या!’ सगळ्या गल्लीला कळायचं, जोशांच्याकडं आज मुंग्या आहेत.” जोशी हे आडनाव त्यांचे नव्हे, त्यांनी सांगितलेले आडनाव मी बदलले आहे, मुंग्या तेवढ्या खऱ्या.

पुढे १९८४ च्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांतून लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा केंद्र सरकारने सपाटा लावला, मुंग्या हटल्या, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय प्रसारणात कौटुंबिक मालिकांचे युग सुरू झाले. ‘हम लोग’ जुलैत आली. सईबाईंची ‘अडोस पडोस’ त्याच वर्षीची आणि ‘छोटे बडे’ त्यानंतरच्या, १९८५ सालची. बाईंना मी ‘अडोस पडोस’विषयी विचारले, तेव्हा त्यातील एकही प्रसंग त्यांना धड सांगता येईना. परंतु त्या वेळी खोलीत कोण कोठे बसत असे, ते त्यांनी एखादा पंचनामा सांगावा तितक्या बारकाईने सांगितले. मुले पुढे फरशीवर. पुरुष मंडळी पलंगावर व दोन लोखंडी खुर्च्यांवर. बायका स्वयंपाकघराच्या दाराशी, एक कान भाताच्या शिट्टीकडे ठेवून. “समोरच्या काकूंशी आमचं नळाच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. पण त्या यायच्या. आत नाही यायच्या; उंबऱ्यावर बसायच्या. म्हणजे आल्याही आणि आल्याही नाहीत.” आणि गंमत अशी की, पडद्यावर जे चालले होते त्याचे नावच शेजारपाजार होते.

आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली, जी दूरचित्रवाणीवरील कोणत्याही पुस्तकात मला आढळलेली नाही. मालिका हिंदी, पेठेतील अर्ध्या मंडळींना, विशेषतः वडीलधाऱ्या बायकांना, हिंदी जेमतेम कळे. त्यामुळे हसण्याचे दोन हप्ते पडत. पहिला हप्ता कचेरीत जाणाऱ्यांचा व कॉलेजातल्या मुलांचा, मग “काय म्हणाली? काय म्हणाली ती?” अशी कुजबूज, कोणी तरी घाईघाईने केलेले मराठी रूपांतर, आणि मग दुसरा हप्ता, जो पुष्कळदा पहिल्याहून मोठा असे. “कारण आमचे दिलीपभावजी सांगताना पदरचं घालायचे,” असे बाई म्हणाल्या व स्वतःशीच हसल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तिसऱ्या हप्त्याची मी एकटी साक्षीदार होते.

कान तयार झाला तो

सई परांजपे यांच्या घरी बुद्धीची श्रीमंती मोठी होती. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ चे सीनियर रँग्लर, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे ऑस्ट्रेलियातील भारताचे हायकमिशनर. आई शकुंतला परांजपे, लेखिका, ‘कुंकू’ चित्रपटातील चित्रा, संततिनियमनाच्या प्रसारात आयुष्य वेचणारी आणि राज्यसभेची सदस्य. वडील यूरा स्लेप्ट्सॉफ, रशियन चित्रकार, ज्यांचा संसारातील सहवास अल्पच घडला. आठव्या वर्षी सईबाईंचे ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे पुस्तक निघाले. एवढा तपशील बहुतेकांना ठाऊक असतो व तेथेच बहुतेक लेख रेंगाळतात. मला अधिक मोलाचे वाटते ते पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरील त्यांचे निवेदिकेचे काम आणि मुलांच्या कार्यक्रमांशी आलेला त्यांचा संबंध.

निवेदिका म्हणजे जिला स्वतःचा श्रोता कधीही दिसत नाही अशी बोलणारी. ध्वनिक्षेपकापुढे हातवारे फुकट, भुवई फुकट, पदर सावरणे फुकट. जे काही साधायचे ते उच्चारातील ठेहरावाने व वाक्यातील एका शब्दाच्या वजनाने. त्यातही श्रोता जर सात वर्षांचा असेल तर तो शिष्टाचार पाळीत नाही. कंटाळा आला की उठून अंगणात जातो आणि तुम्ही तिकडे बोलतच राहता. या शाळेत ज्याचा कान तयार झाला त्याला पुढे संवाद लिहिताना ‘हे वाक्य कोण बोलते’ हा प्रश्न पडत नाही. वाक्य ऐकू येते ते कोणाच्या तरी आवाजातच ऐकू येते. पुढे १९६३ मध्ये राष्ट्रीय नाट्यविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या, तेव्हा इब्राहिम अल्काझी यांच्या कडव्या शिस्तीचा संस्कार त्या कानावर चढला.

दुसरे असे की, पुण्याची मराठी, कॅनबेरातील शालेय इंग्रजी आणि दिल्लीची हिंदी अशा तीन बोलींत ज्याचे वाढते वय गेले, तो माणूस कोणत्याही एका बोलीत संपूर्ण बुडालेला नसतो. त्याचा एक पाय घरात असतो व एक उंबऱ्याबाहेर. साताऱ्याच्या काकू जेथे बसत असत, नेमक्या त्या जागी. तेथून घरातले सगळे ऐकू येते, आणि घरातल्यांना जे हास्यास्पद वाटत नाही ते हास्यास्पद आहे हेही तेथूनच दिसते. शेजारी हा नातलग नसतो व तिऱ्हाईतही नसतो. सईबाईंचा सगळा विनोद मला त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीत उभा असलेला दिसतो.

निर्माता नावाचा हुद्दा

चित्रपटव्यवसायात निर्माता म्हणजे पैसा घालणारा. सरकारी दूरचित्रवाणीत निर्माता म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा एक पैसाही नाही, परंतु प्रत्येक पैशाचा जाब ज्याला द्यावा लागतो असा नोकरदार. दिल्लीला दूरचित्रवाणीचे प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले खरे. परंतु १ एप्रिल १९७६ पर्यंत तो आकाशवाणीचाच एक विभाग होता. त्यामुळे पडदा नवा असला तरी दप्तर जुनेच होते. सईबाईंनी या दप्तराच्या सहवासात दहाहून अधिक वर्षे काढली, कार्यक्रम लिहिले, बसविले, दिग्दर्शित केले. आणि मला राहून राहून नवल वाटते ते याचे की, टिपणी, तजवीज, मंजुरी, मुदत व हिशेब या पाच पायऱ्या चढून आलेल्या संहितेत हसण्यासारखे काही शिल्लक राहत असे.

काम कसे चाले ते ध्यानात घेतल्याशिवाय या नवलाची किंमत कळणार नाही. आधी कल्पना कागदावर मांडून वरिष्ठांकडे जायची. मंजुरी आली की कलागृहाची तारीख मिळवायची, आणि ती तारीख बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम व कोण्या मंत्रिमहोदयांचे भाषण यांतून जी उरेल ती. नेपथ्याला भांडारात जे तट्टे, दारे, खिडक्या असतील त्यांतूनच घर उभारायचे. कलावंतांची करारपत्रे काढायची; मानधन ठराविक, व ते मिळेपर्यंत कलावंताने निर्मात्याच्या तोंडाकडे पाहायचे. मग तालमी, आणि प्रत्यक्ष ध्वनिचित्रमुद्रण बहुतांशी एका ओघात, कारण फीत कापून जोडणे हे जिकिरीचे व खर्चाचे. नटाचे एक वाक्य चुकले की सगळा प्रवेश पुन्हा. म्हणजे नाटकाची जोखीम आहेच, फक्त नाटकातील टाळी तेवढी नाही. वर फितींची टंचाई अशी की, एकदा दाखविलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा उतरवीत. त्या काळातील कितीतरी हसू अशा रीतीने कोणत्या तरी चर्चासत्राखाली गाडले गेले आहे.

स्त्री निर्माती म्हटली की महिलांचे व बालकांचे कार्यक्रम तिच्याकडे द्यावेत, असा साधारण शिरस्ता होता. त्यात कमीपणा नव्हता. मुंबई केंद्रावर सुहासिनी मुळगावकर यांनी ‘सुंदर माझं घर’ ज्या नेटकेपणाने चालविले ते आठवणारी पिढी अद्याप हयात आहे. सईबाईंनी मुलांसाठीही विपुल काम केले, चित्रपट काढले, बालचित्र समितीचे अध्यक्षपदही दोनदा भूषविले. परंतु हा शिरस्ता त्यांना कुंपणासारखा आड आला नाही. त्यांचा ‘द लिटल टी शॉप’ हा १९७२ चा दूरचित्रपट तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघटनेच्या पारितोषिकास पात्र ठरला, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र उघडले, तेव्हा उद्घाटनाचा कार्यक्रम सिद्ध करण्यासाठी त्यांची निवड झाली. दिल्लीच्या दप्तरातून आलेल्या एका मराठी बाईने मुंबईचा पडदा वर उचलला, असे म्हटले तर त्यात आलंकारिक काही नाही.

धूम्रपानावर बेतलेला ‘धुआँ धुआँ’ हा दूरचित्रपटही याच नोकरीतला. तीन तरुण, एक खोली, एक मुलगी आणि सिगारेट. त्याचाच पुढे ‘चश्मे बद्दूर’ झाला. १९८१ च्या त्या चित्रपटाची निखळ करमणूक ज्यांनी अनुभवली त्यांना हे क्वचितच ठाऊक असते की, त्याचे बीज सरकारी कलागृहातील पत्र्याच्या कपाटात होते.

हरिपूरचा संशय

साताऱ्याहून सांगलीस मी रेल्वेने गेले. या मार्गावर किर्लोस्करवाडीचे स्थानक लागते, आणि मराठी वाचक असाल तर खिडकीतून डोकावल्याशिवाय राहवत नाही. ‘किर्लोस्कर’ येथूनच निघे आणि १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले तेही येथूनच. कारखान्याच्या भोंग्याच्या आवाक्यात बसून महाराष्ट्रातील बायका लिहू लागल्या. गाडी तेथे थोडीच थांबते.

सांगलीत विष्णुदास भावे यांचे नाव घेतल्याखेरीज नाटकाविषयी कोणी एक वाक्य पुरे करीत नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली त्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. भावे नाट्यमंदिरात दुपारी गेले तेव्हा तेथे प्रयोग नव्हता. खुर्च्यांवर अंधार बसला होता आणि एक गृहस्थ रंगमंचावर दिव्याची तार ओढीत होते. त्यांची परवानगी घेऊन मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले व त्यांना म्हटले, काही तरी बोला. त्यांनी साहजिकच विचारले, “काय बोलू?” ते हळूच म्हणाले होते, मला ऐकू आले नाही, आणि त्यांनी तेच पुन्हा खणखणीत आवाजात विचारले. रंगभूमीवरच्या विनोदाचे सगळे व्याकरण त्या दोन उच्चारांमधल्या फरकात आहे.

हरिपूर येथून पायी जाण्यासारखे. कृष्णा व वारणा यांचा संगम, संगमेश्वराचे देऊळ, हळदीचा वास वाऱ्यावर येतो तो सांगलीकडून. गोविंद बल्लाळ देवल या गावचे, १८५५ चे. ‘शारदा’कार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते, परंतु मराठी माणूस ज्या नाटकाने पिढ्यानुपिढ्या हसला ते ‘संशयकल्लोळ’. आधी १८९३ चा गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’, मग १९१६ मधील संगीत रूप; मुळात मोलिएरचे कथानक, मर्फी या आयरिश नाटककाराच्या हातून फिरून हरिपूरकराच्या हाती आलेले. एक तसबीर चुकीच्या हाती पडते आणि दोन घरांत संशयाचा धूर होतो. शेजारचे दार किलकिले असणे, कोणी कोणाला कोठे जाताना पाहिले, एवढ्या भांडवलावर देवलांनी तो खेळ उभा केला. म्हणजे शेजार हा मराठी विनोदाचा मूळ मिरासदार आहे, हे निःसंशय.

मात्र ‘कल्लोळ’ हा शब्द विसरता येत नाही. रंगमंचावर संशयाला आवाज चढवावा लागतो, फाल्गुनरावाला पाय आपटावे लागतात, कारण शेवटच्या रांगेत कोणी बसले आहे. आणि त्याची बायको कृत्तिका रागाने धुमसते ती पुरुष नटाच्या कंठातून, स्त्रीची भूमिका पुरुषानेच करण्याचा तो काळ. दूरचित्रवाणीने शेवटची रांगच नाहीशी केली. कॅमेरा इतका जवळ आला की, पाय आपटणारा फाल्गुनराव तेथे वेडा वाटावा. पुष्कळ नाणावलेले विनोदी नट या पडद्यावर अवघडले ते त्यामुळे. उलट दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवरून घरोघरी गेले ते आवाज न चढवता गेले, म्हणून राहिले. सईबाईंना आवाज उतरवावा लागला नाही. रेडिओने तो आधीच उतरवून दिला होता.

कठड्यावरून

‘कथा’ हा १९८३ चा चित्रपट शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून घेतलेला. राजाराम जोशी हा कारकून कासव, बाशू हा थापाड्या ससा, आणि शर्यतीचे मैदान म्हणजे चाळीची गॅलरी. चित्रपट असला तरी त्याचा पिंड मला दूरचित्रवाणीचा वाटतो, कारण त्यातील मुख्य पात्र कोणी नट नसून तो कठडा आहे. कठड्यावर कपडे वाळतात, कठड्यावरून वाटी जाते, साखर येते, बातमी जाते व येताना मोठी होऊन येते. बाशू थापा मारतो, हे कासवाखेरीज बहुतेकांना कळत असावे असा संशय प्रेक्षकाला येत राहतो; परंतु थाप गोड आहे व शेजारी आहे, तेव्हा ऐकून घ्यायला काय हरकत, ही चाळीची वृत्ती सईबाईंनी नेमकी टिपली. त्या ठकाला चाळ रागावत नाही, हसतेच, आणि त्या हसण्याखाली एका मुलीची फसवणूक घडून जाते. या कडवटपणाकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असे माझे मत आहे. ‘कथा’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्याआधी ‘स्पर्श’लाही मिळाले होते, पारितोषिके मोजणारांनी ती मोजावीत.

‘सख्खे शेजारी’ या त्यांच्या नाटकाच्या नावातच एक खोडी आहे. सख्खा भाऊ असतो, सख्खी बहीण असते. शेजारी सख्खा कसा असेल? रक्ताचे विशेषण भिंतीला लावायचे आणि वाचकाने क्षणभर अडखळून हसायचे. हे हसू इंग्रजीत नेता येत नाही, हिंदीत नेता येत नाही. ‘अडोस पडोस’ हे नाव त्याच कल्पनेचे चुलत भावंड, परंतु चुलतच.

साता समुद्रांपलीकडे गर्ट्रूड बर्ग नावाची एक बाई होऊन गेली. १९२९ साली अमेरिकन रेडिओवर तिने ‘द गोल्डबर्ग्ज’ ही मालिका स्वतः लिहिली, स्वतः निर्माण केली, तीत स्वतः भूमिका केली, आणि १९४९ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आणली. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या वस्तीतील स्थलांतरित ज्यू कुटुंबाची ती कहाणी. नायिका खिडकीत येऊन पलीकडच्या शेजारणीला हाक मारते, ही तिची खूण. सईबाईंनी ती मालिका पाहिली होती की नाही, याला महत्त्व नाही. मला लक्षणीय वाटते ते हे की, दोन निरनिराळ्या खंडांत, दोन निरनिराळ्या भाषांत, या माध्यमात विनोद लिहावयास बसलेली बाई पुरुषांप्रमाणे फजितीचा प्रसंग शोधण्याआधी खिडकी उघडते आणि पलीकडे कोण आहे ते पाहते. दोघींनीही सुरुवात रेडिओवर केली होती, हा योगायोग मी मानीत नाही.

वारणेच्या पलीकडे

सांगली जिल्ह्याची सीमा वारणा नदीने आखली आहे. पाणी ओलांडले की कोल्हापूर जिल्हा व वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या आसऱ्याने तेथे वारणा बालवाद्यवृंद उभा राहिला, आणि सईबाईंनी त्यावर माहितीपट केला. माझ्या विषयाशी त्याचा संबंध दूरचाच, परंतु नकाशात कृष्णाकाठ कोठेच येत नाही, असे जे मी वर लिहिले ते खोटे ठरविण्यापुरता तो पुरे. ऊसतोड करणाऱ्यांच्या व कारखान्यातील कामगारांच्या मुलांच्या हातात वाद्ये देणारा हा उद्योग पाहावयास आलेली ही बाई, मुलांच्या कार्यक्रमांनी कारकीर्द सुरू केलेली. तेथे तिचे मन रमले असेल, एवढी कल्पना करण्याची मुभा मी घेते.

‘आवाज बंद’

साताऱ्यास मी परत आले ते एका मालिकेचे चित्रीकरण पाहण्यासाठी. कृष्णेच्या खोऱ्यात कॅमेरा नवा नाही. मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा व घाट ‘स्वदेस’ चित्रपटाने सगळ्या जगाला दाखविला. परंतु मराठी मालिका मुंबईच्या कलागृहांतून उठून साताऱ्याच्या गावात येऊन महिनोन्महिने राहू लागल्या, याचे श्रेय पुष्कळ अंशी श्वेता शिंदे यांच्याकडे जाते. त्या मूळच्या साताऱ्याच्या, आधी अभिनेत्री, मग निर्मात्या. त्यांच्या वज्र प्रॉडक्शनची, तेजपाल वाघ यांनी लिहिलेली ‘लागिरं झालं जी’ ही २०१७ ची मालिका सैन्यात जाणाऱ्या तरुणाची होती, आणि साताऱ्याची बोली तीत घासूनपुसून न घेता बोलली गेली. ‘देवमाणूस’, ‘अप्पी आमची कलेक्टर’ या त्यानंतरच्या. विनोद हा या मालिकांचा मुख्य रस नव्हे. परंतु त्यांतील बेरकी म्हाताऱ्या, वडाखाली बसणारे रिकामटेकडे आणि तोंडाळ शेजारणी वगळल्या तर प्रेक्षक किती राहतील, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मी पाहिली ती मालिका कोणती, हे सांगण्याचे कारण नाही. गाव साताऱ्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. भाड्याने घेतलेला एक जुना वाडा, बाहेर जनरेटरची गाडी, अंगणात केबलींचे वेटोळे, ओसरीवर मेकअपचा आरसा. सकाळी सातचा कॉल. दिवसाकाठी एका भागाचे काम निघालेच पाहिजे, नाही तर वाहिनीकडे जमा असलेले भाग संपतात व सगळ्यांची झोप उडते. लेखिका मुंबईला, प्रवेश फोनवर येतो, कधी कधी नट रंगून बसलेले असताना येतो. हुद्द्याचे नाव आता क्रिएटिव्ह आणि ईपी म्हणजे कार्यकारी निर्माता, टिपणीची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे, मंजुरी मात्र तशीच वरून यायची असते.

प्रवेश दोन जावांचा व एका शेजारणीचा होता. शेजारीण साखर मागण्याच्या निमित्ताने येते आणि घरातील भांडणाचा ठाव घेते. त्यासाठी खऱ्या शेजाराला गप्प बसविणे अवश्य होते. एक मुलगा गल्लीत धावत जाऊन सांगून आला : पलीकडची पिठाची गिरणी बंद, उजवीकडच्यांचा मिक्सर बंद, समोरच्या गोठ्यातील म्हशीची साखळी सोडून घ्या. लोक सरावले होते. गिरणीवाल्याने पट्टा उतरविला व बाहेर येऊन बिडी पेटविली. डाव्या बाजूस मात्र नुसती भिंत होती, अर्धी मातीची, आणि तिच्यापलीकडे कोणी राहते की नाही, याची चौकशी कोणी केली नव्हती.

शेजारणीने साखरेची वाटी पुढे केली. धाकटी जाऊ म्हणाली, साखर देते, पण मागच्या वाटीचं काय झालं? शेजारीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, ती वाटी परत करायलाच तर आले होते, साखर म्हटलं जाता जाता घेऊ. आणि भिंतीपलीकडून एक म्हातारे, बिनदातांचे, मोकळे हसू आले.

“कट!” ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढले. सगळे भिंतीकडे पाहू लागले. मुलगा भिंतीवर चढून पलीकडे वाकला व म्हणाला, “आज्जी, शूटिंग चालूय, जरा आवाज नको.” पलीकडून “बरं, बरं” असे आले. पुन्हा रोल, पुन्हा वाटी, पुन्हा तोच प्रश्न. शेजारणीचे काम करणारी नटी या वेळी उत्तर द्यायला थोडी अधिक थांबली. मला वाटले, तिचे लक्ष भिंतीकडे होते. तिने वाक्य टाकले, आणि भिंतीपलीकडे पुन्हा हशा फुटला, आधीच्याहून मोठा, आणि पाठोपाठ कोणाला तरी सांगितले गेले, “अगं, वाटी द्यायला आली म्हणं!” मग दुसरा, तरुण आवाज हसला.

ध्वनिमुद्रकाने मान हलविली. दिग्दर्शकाने चहा सांगितला. नटी वाटी हातात घेऊन तशीच उभी होती, आणि तिसऱ्या वेळेस भिंत गप्प राहिली तेव्हा तिने ते वाक्य पहिल्या दोन वेळांपेक्षा पडेल म्हटले. दिग्दर्शकाला पटले नाही, म्हणून चौथ्यांदा घ्यावे लागले.